वायसरची गळकी बदकं

वायसरने जोडलेल्या नळाखाली कोणी बादली ठेवली, की त्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा. पाणीखात्यात त्याने उभी हयात काढली. खरं नाव खात्याच्या हजेरीपटावर तेवढं राहिलं. बाकी सगळ्या गावाने त्याला वायसर केलं, कारण सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी रबरी वायसर असायचे, लहानमोठे, तारेत ओवलेले. कोणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा येईपर्यंत त्याचे कान मोरीकडे. थेंब वाजला की हा उठलाच. बायको म्हणायची, ह्यांच्याबरोबर कोणाकडे जायचं म्हणजे आधी त्यांच्या मोरीत जायचं, मग बैठकीत.

जोड तपासायची त्याची एक रीत होती. पाइप बसला, पाणी सोडलं, की कोरडा तळहात जोडावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा देवाचं नाव घेतोय. हात उचलल्यावर तळव्याला जराशी जरी ओल लागली, तरी सगळं सोडायचं आणि पहिल्यापासून जोडायचं. हाताखालचा कोणी "चालतंय की" म्हणाला, तर वायसर त्याच्याकडे असा बघायचा, जसं त्याने आईवरून शिवी दिली आहे.

असा माणूस निवृत्त झाला आणि घरातले सगळे नळ धाक बसल्यासारखे गप्प झाले. करायला काही उरलं नाही. मग तो शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन टाक्यांना हात लावून बघायचा.

त्याची एकुलती एक लेक समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक होती. लाल टोपी, गळ्यात शिट्टी, हातात लांब फळी. किनाऱ्यावरची सगळी मुलं तिला ताई म्हणायची, आणि तिच्या शिट्टीला स्वतःच्या बापापेक्षा जास्त भ्यायची. तिचं काम धोक्याचं आहे हे वायसरला माहीत होतं. पण खांबावर चढणारा वायरमन, गटारात उतरणारा सफाई कामगार, ही सगळी कामं धोक्याचीच. काम नीट केलं की धोका आटोक्यात राहतो, एवढं साधं त्याचं गणित.

ते गणित गेल्या हंगामात चुकलं.

त्यांच्या किनाऱ्यावर पाण्याला ओढ होती. ओढ म्हणजे काय, हे लेकीने आईबापाला जेवताना सांगितलं होतं. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणत राहतात. आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली वाळूचा लांब बांध असतो. त्या बांधात कुठे खिंड पडली की सगळं पाणी तिथूनच समुद्रात पळतं. त्यात सापडलेला माणूस पाण्याखाली जात नाही, पण लांब लांब जातो, घाबरून किनाऱ्याकडे हात मारतो, आणि दमून बुडतो. आणि फसगत अशी, की खिंडीवर लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असतो आणि मधला पट्टा मात्र कसा गुळगुळीत, शांत. माणूस म्हणतो, लेकरांना इथे उतरवू.

"म्हणजे मोरीचं भोक," वायसर म्हणाला होता. "पाणी तिथे वरून शांतच दिसतं."

तेव्हा लेक हसली होती. गेल्या हंगामात त्याच भोकात एक बाप आणि त्याच्या खांद्यावरची मुलगी सापडली. लेक फळी घेऊन गेली. दोघांना फळीवर घातलं, होडी आली, होडीत चढवलं. तेवढ्यात एक लाट आली, फळी सुटली, आणि ती एकटीच पुढे वाहत गेली. ओढीतून आडवं पोहत बाहेर पडायचं असतं हे तिला पाठ होतं. पण पायात गोळा आला होता. होडी तिला शोधत बराच वेळ फिरली.

घरी येऊन तिने हे हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. तिने पोळीचा गोळा परातीत ठेवला आणि हात न धुताच बाहेर जाऊन बसली.  त्या दिवसापासून समुद्राकडे बघितलं की वायसरला लाटा दिसायच्या नाहीत. एवढी मोठी गळती, आणि तिच्या तोंडाशी आपली पोरगी उभी, एवढंच दिसायचं.

खरी अडचण खांबांची होती. किनाऱ्यावर सिमेंटचे दोन खांब होते. सकाळी त्यांवर झेंडे चढायचे आणि दोन झेंड्यांच्या मध्ये लोकांनी अंघोळ करायची, असा नियम. खांब रोवले तेव्हा तिथलं पाणी शांत दिसायचं, म्हणूनच तिथे रोवले. मग त्यांच्यासमोर पायऱ्या बांधल्या, नळांचे शॉवर बसवले, खुर्च्यावाले आले, आइस्क्रीमच्या गाड्या लागल्या. शॉवरची लाइन वायसरनेच टाकलेली. म्हणजे समुद्रात जिथे सगळ्यात मोठी ओढ, बरोबर त्याच्यासमोर गावाने लोकांच्या सोयीचा सगळा बाजार मांडला होता. लेक आणि तिच्याबरोबरचे जीवरक्षक कधीपासून सांगत होते की झेंडे हलवा. किनारा समितीचे साहेब ऐकून घ्यायचे. माणूस वाईट नव्हता. तो म्हणायचा, आज हलवले आणि उद्या तुमची ओढ दुसरीकडे गेली तर? मी रोज लोकांना खुर्च्यांसकट पळवत बसू?

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर घेऊन त्या वर्षी मॅडम आल्या.

मॅडम समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या. वय लेकीएवढंच, नाक उन्हाने सोललेलं, पाठीवर सदा एक पिशवी. त्यांनी टेहळणीच्या मनोऱ्यावर कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याने फेस कुठे आणि शांत पट्टा कुठे ते रोज कळू लागलं. पण मॅडमना त्यापुढे जायचं होतं. उद्या पाऊस पडेल का हे सांगतात, तसं उद्या ओढ कुठे, किती वाजता, किती जोराची, हे त्यांना आदल्या दिवशी सांगायचं होतं. भरती-ओहोटीच्या वेळा, लाटांची उंची आणि वाळूच्या बांधाचा आकार घालून त्यांचा संगणक हिशेब मांडायचा. तो हिशेब या किनाऱ्यावर खरा ठरतो का, हे तपासायला पाण्यातच मोजमाप हवं होतं. त्यासाठी तरंगणाऱ्या नळ्या लागायच्या. नळीत काडेपेटीएवढं यंत्र असतं, ते आपण कुठे कुठे गेलो हे टिपून ठेवतं. मॅडमनी आणलेल्या नळ्या पहिल्याच लाटेत फुटल्या.

"पाइपचं काम ना?" लेक म्हणाली. "आमच्या घरी एक माणूस रिकामा बसून टाक्यांना हात लावत असतो."

साहेबांनी मुदत घातली. हंगामाचं उद्घाटन महिन्याभराने, रविवारी. त्याच्या आत ओढ पाण्यात दाखवा, सांगितलेल्या वेळी दाखवा, झेंडे हलवतो. नाही दाखवली तर हा हंगामही खांबांवरच. वायसरने ते ऐकलं आणि त्याच दुपारी पाइप आणायला गेला. पुन्हा एक हंगाम खांबांवर म्हणजे पुन्हा एक हंगाम लेक त्या भोकात, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

त्याने काम केलं ते आपल्या पद्धतीने. पाइप कापला, कडा कानशीने घासल्या, टोपणं बसवली, सोल्यूशन लावलं, दिवसभर सुकू दिलं. मग एकेक नळी पिंपात बुडवून वर दगड ठेवला. बाहेर काढून उघडली, आत बोट फिरवलं. कोरडी ठणठणीत. पुन्हा बंद केल्या. वर नारिंगी रंग दिला. लेकीने बघितलं आणि त्यांचं नाव बदकं ठेवलं.

पहिल्या चाचणीला साहेबही आले. लेकीने कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बदकं सोडली. बदकं लाटेवर चढली, नाचली, आणि लाटेबरोबर सुसाट किनाऱ्यावर येऊन वाळूत लोळली. सगळीच्या सगळी. पुन्हा सोडली, पुन्हा आली.

"बघा," साहेब म्हणाले, "सगळी बदकं घरी आली. कुठे आहे तुमची ओढ?"

लेक पाण्यातच उभी होती. ती म्हणाली की तिच्या पायांखालची वाळू आत्ताही आत चालली आहे. साहेबांनी खांदे उडवले. वायसर मात्र बदकं गोळा करून तळहाताने चाचपत होता. एकही गळलं नव्हतं. आपलं काम चोख आहे याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मॅडमना नेमकी त्याचीच काळजी वाटली. त्यांनी एक बदक हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"काका, ही फार चांगली बंद झालीत. घोळ तिथेच आहे."

मग त्यांनी समजावलं. आत हवा भरलेली वस्तू पाण्याच्या वर बसते. तिला लाटेचा माथा ढकलतो, वारा ढकलतो. माणसाचं अंग पाण्यात असतं, डोकं तेवढं वर. बदक माणसासारखं बुडायला हवं. खालच्या भागात समुद्राचं पाणी भरायला हवं.

"म्हणजे मी गळका माल बनवायचा?" वायसरने विचारलं.

"हो, काका."

तो बदकं पोत्यात भरून घरी आला. जेवणावर बसला आणि तसाच उठला. लेक समजूत घालायला गेली नाही. बाप कसा आहे ते तिला माहीत होतं. सकाळी त्याने नळी शिकंज्यात धरली, ड्रिल लावलं, आणि हात दाबेना. चांगला, सुकलेला, तपासलेला पाइप. त्याला आपल्या हाताने भोक पाडायचं. तो ड्रिल धरून नुसता उभा.

दारातून बायको बघत होती. "अहो, खात्यात इतकी माणसं होती," ती म्हणाली, "कोणी न शिकवता गळका जोड करायची. तुम्हाला एक जमेना?"

वायसर चिडला. चिडला म्हणून हात दाबला गेला.

पण गळकं बनवणं वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. बारीक भोकं पाडली तर हवा आत अडकली आणि बदक आडवं पडलं. मोठी पाडली तर प्रत्येक हेलकाव्याला पाणी आतबाहेर करू लागलं आणि बदक उड्या मारू लागलं. भोकं फक्त खाली पाडली, तर पाणी अर्ध्यावरच थांबलं, कारण हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. सोडायचं, कापायचं, पुन्हा करायचं. वायसरच्या अंगणात फुकट गेलेल्या नळ्यांचा ढीग झाला. शेजारी विचारायचा, काय हो, बासऱ्यांचा कारखाना काढला का?

शेवटी त्याने नळीचे दोन भाग केले. मध्ये आडवा पडदा. वरची खोली कोरडी, त्यात यंत्र. खालची ओली, तिला पडद्याच्या लगेच खाली हवेची भोकं आणि तळाशी पाण्याची. बुडाला लोखंडी नट ओतीव सिमेंटमध्ये बसवले, म्हणजे बदक उभं राहील. तळाला जुन्या पाटीच्या प्लास्टिकची रुंद चकती, म्हणजे लाट उचलायला आली की पाणी तिला धरून ठेवील. खरी मेहनत पडद्याची. खाली भोकांनी गळता पाइप आणि त्याच्या वर एक थेंबही न जाणारा जोड. पडदा केसभर वाकडा बसला तरी वायसर ती नळी ढिगावर फेकायचा.

"चालेल की बाबा," लेक एकदा म्हणाली, "समुद्रात कोण बघतंय?"

"समुद्राला चालेल. मला नाही."

पिंपात बदक सोडलं की ते सरळ उभं राहायला हवं, आणि पाण्याबाहेर मुठीएवढंच डोकं. बायको पिंपाजवळ स्टूल घेऊन बसायची आणि पिंप हलवून लाटा करायची. हे काम तिला फार आवडलं. संसारात पहिल्यांदा हे सांगतील तेवढंच पाणी सांडतंय, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दुसऱ्या चाचणीला साहेब नव्हते. लेकीने बदकं सोडली. लाट आली, बदकं तिच्याखाली गेली आणि तिथेच वर आली. पुन्हा लाट, पुन्हा तेच. क्षणभर ती गोंधळल्यासारखी जागच्या जागी फिरली. मग एकामागून एक, दोन खांबांच्या बरोबर मधून, आत निघाली. चालणारा माणूस मागे पडेल अशा वेगाने. फेसाच्या रेषेपलीकडे जाऊन ती पांगली आणि तिथे गोल गोल फिरू लागली. होडीने ती उचलून आणली. मॅडमनी यंत्रं काढली, संगणकाला जोडली, आणि पडद्यावर नारिंगी रेघ उमटली, किनाऱ्यापासून सरळ समुद्रात.

वायसरने आधी वरच्या खोल्या उघडून बोट फिरवलं. कोरड्या. मग रेघ बघितली.

पुढचे दिवस रोज बदकं पाण्यात होती. मॅडम आदल्या संध्याकाळी अंदाज सांगायच्या, दुसऱ्या दिवशी बदकं खरंखोटं करायची. एकदा अंदाज साफ फसला. दिवसभर जोराची ओढ सांगितली होती आणि बदकं तळ्यात सोडल्यासारखी उभी राहिली. मॅडमनी कारणं दिली नाहीत. "माझं चुकलं," म्हणाल्या, आणि बसून सगळा हिशेब मुळापासून सोडवला. वाऱ्याने वाळूचा बांध खचला होता आणि त्यांनी जुनीच उंची धरली होती. उंची बदलली, हिशेब पुन्हा मांडला. त्या दिवसापासून वायसर त्यांच्यासाठी घरून डबा नेऊ लागला. स्वतःचा ओला जोड स्वतः सोडणारं माणूस त्याला खात्यात फार थोडं भेटलं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मॅडमनी अंदाज दिला. रविवारी ऊन, वारा नाही, लाटा बुटक्या. सकाळी पाणी शांत. ओहोटीला साधारण बारा वाजता खांबांच्या मध्ये ओढ सुरू होईल आणि दुपारभर वाढत जाईल.

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, असल्या दिवशी सगळा गाव समुद्रावर येणार. त्यांना मी सांगू, हे शांत पाणी सोडा आणि तिकडे फेसात जा? माझं कोण ऐकेल? शिवाय अंदाज तो अंदाज. मॅडमनीही खरं ते सांगितलं, की तो चुकू शकतो.

"मग लोकांनाच बघू दे," वायसर म्हणाला. "बदकं त्यांच्यासमोर सोडू. बारापर्यंत कोणी पाण्यात उतरायचं नाही. बदकं आत गेली तर झेंडे हलवा. नाही गेली तर खांबांवर चढवा, मी पुन्हा किनाऱ्यावर पाय ठेवणार नाही."

लेकीने बापाकडे बघितलं. अंदाज फसला तर पुढचा अख्खा हंगाम तिला त्याच भोकासमोर उभं राहायचं होतं, आणि तिच्या सांगण्याला मग कोणी विचारणार नव्हतं. पण ती म्हणाली, "चालेल."

रविवारी किनाऱ्यावर मुंगीला जागा नव्हती. पायऱ्यांवर माणसं, खुर्च्यांवर माणसं, वाळूत टॉवेल. समोर पाणी आरशासारखं, आणि जीवरक्षकांनी दोर धरून लोकांना अडवलेलं. लेकीने बदकं सोडली. बारा नारिंगी डोकी पाण्यावर. ती जागच्या जागी डुलत राहिली.

बारा वाजले. बदकं डुलत होती.

लोक तापले होते. कमरेला टॉवेल गुंडाळलेला एक गोल टोपीवाला सगळ्यात पुढे होता, दोन मुलांचे हात धरून. त्याने वायसरला विचारलं, "काका, झोपली का हो तुमची बदकं?" मागून कोणी म्हणालं, अंडी घालतील, मग जातील. सगळी वाळू हसली. वायसर गुडघाभर पाण्यात पाठ करून उभा होता. मनात तो एकेक जोड पुन्हा तपासत होता. पडदा, भोकं, चकती, नट. कुठे राहिलं? कुठेच नाही. मग मॅडमचा हिशेब? त्याने मॅडमकडे बघितलं. त्यांची नजर पाण्यावरून हलत नव्हती.

साहेब वाळूतून चालत आले. लेक दोन्ही झेंडे खांद्यावर घेऊन उभी होती. साहेबांनी हात पुढे केला. "वायसर, बास आता. किती वेळ धरू लोकांना?"

"अजून थोडं, साहेब," मॅडम म्हणाल्या. "बांधावरचं पाणी आत्ता कुठे उथळ होतंय, आता ते खिंडीतूनच पळेल."

साहेबांचा हात तसाच पुढे राहिला. लेकीने झेंडे दिले नाहीत, मागेही घेतले नाहीत.

तेवढ्यात एक बदक वळलं. एकच. बाकीच्यांतून सुटून खांबांच्या मध्ये आलं, थबकलं, आणि सरळ आत चालू लागलं. कोणी म्हणालं, हे बघ, एक निघालं. मग दुसरं वळलं. मग तिसरं-चौथं बरोबरच. आणि मग एक लांब रांग, दोरीने कोणी आतून ओढावी तशी, त्या आरशासारख्या पाण्यातून, लाट नाही, फेस नाही, काही नाही, नुसती जात राहिली. लहान होत गेली. फेसाच्या रेषेच्या पलीकडे नारिंगी ठिपके उरले.

  गोल टोपीवाल्याने मुलांचे हात आणखी घट्ट धरले. तो कोणाला उद्देशून नाही, असाच म्हणाला, की आम्ही तिथेच उतरणार होतो.

मग कुठून तरी टाळी वाजली, आणि सगळा किनारा उठला. शिट्ट्या, आरोळ्या, मुलं दोरापाशी नाचायला लागली. साहेबांचा हात अजून पुढेच होता. त्याच हाताने त्यांनी लेकीच्या खांद्यावरचा एक झेंडा उचलला, बूट काढले, आणि स्वतः वाळूतून पलीकडच्या फेसाकडे चालू लागले. दुसरा झेंडा घेऊन लेक त्यांच्यामागे. तिच्यामागे सगळा गाव, खुर्च्या डोक्यावर, टॉवेल गळ्यात, आइस्क्रीमची गाडी ढकलत. झेंडे वाळूत रोवले गेले आणि माणसं कमरेएवढ्या पाण्यात पांढऱ्या लाटांचे धपके खात, पडत, उठत, हसत राहिली. प्रत्येक लाट त्यांना किनाऱ्याकडेच लोटत होती.

वायसर मात्र तिथेच मागे. एक बदक आत गेलं नव्हतं. गर्दी बघत असताना ते गुपचूप वाळूत येऊन पडलं होतं. तो उकिडवा बसून त्याच्या भोकात काडी घालत होता.

"बाबा, लोक टाळ्या वाजवतायत," लेक सांगायला आली. "चला ना."

"वाजवू दे. हे का परत आलं ते बघतो आधी." काडीच्या टोकाला वाळूचा घट्ट गोळा निघाला. भोक तुंबलं होतं. "जाळी लावायला हवी होती," तो म्हणाला, आणि ते बदक काखेत मारून मगच गर्दीकडे गेला.

संध्याकाळी लेक घरी आली आणि पाटावर पाय पसरून बसली. आईने विचारलं, किती जणांना काढलंस? लेक म्हणाली, "आज पाण्यात उतरलेच नाही. बसून बसून पाठ दुखली."

"दुखू दे," आई म्हणाली, आणि तिला पोटभर वाढलं.

त्या हंगामात मनोऱ्याखाली रोज फळा लागला. हिरवा, पिवळा, लाल. कुठे, कधीपासून कधीपर्यंत. सिमेंटचे खांब फोडले गेले. त्यांच्या जागी उचलून नेता येतील असे झेंड्यांचे स्टँड आले. हंगामाच्या मध्यावर बांधातली खिंड सरकली. नेमकी नव्या झेंड्यांसमोर. मॅडमच्या हिशेबाने ते दोन दिवस आधी सांगितलं, बदकांनी खरं केलं, आणि लोक यायच्या आत झेंडे हलले. आलेल्या माणसांना काही कळलंही नाही. त्यांनी नेहमीसारखे टॉवेल अंथरले आणि ती पाण्यात गेली. साहेब आता रोज सकाळी फळ्यापाशी उभे राहून आल्यागेल्याला ओढ समजावून सांगत, जशी ती त्यांनीच शोधली आहे. लेक आणि मॅडम ते ऐकून एकमेकींना कोपर मारत.

दुसऱ्या किनाऱ्यांवरची माणसं बदकं मागायला येऊ लागली. वायसर कोणालाही तयार बदक द्यायचा नाही. त्यांना अंगणात बसवायचा, हातात पाइप आणि कानस द्यायचा. पडदा सरळ बसेपर्यंत सोडायचा नाही. काहीजण वैतागून निघून गेले. जे टिकले त्यांची बदकं आजही त्यांच्या किनाऱ्यावर आहेत.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी बायकोने हट्ट धरला. इतकी वर्षं समुद्राकाठी राहून ती कधी पाण्यात शिरली नव्हती, आणि लेक तिथे कामाला लागल्यापासून तर तिने किनाऱ्याचं नावही टाकलं होतं. दोघं झेंड्यांच्या मध्ये उतरली. पहिल्या लाटेने तिला आडवी केली. ती नाकातोंडात पाणी घेऊन उठली, ओरडणार तोच हसत सुटली, आणि दुसऱ्या लाटेसमोर स्वतःच पाठ करून उभी राहिली. वायसर पाणी बघत बघत बाजूला सरकला. बांध आज कुठे आहे, उतार कुठे आहे, पायाने चाचपत होता.

मनोऱ्यावरून कर्कश शिट्टी वाजली. सगळ्यांनी वळून बघितलं. वर लाल टोपीखाली त्याची लेक उभी होती आणि हाताने दाखवत होती, झेंड्याच्या आत या.

वायसरने आजूबाजूला बघितलं. ती कोणाला म्हणतेय ते त्याला कळेना. मग त्याच्या ध्यानात आलं, झेंड्याबाहेर तो एकटाच आहे. भर किनाऱ्यावर सगळ्या गावासमोर तो निमूटपणे मागे फिरला, आणि तो आत येईपर्यंत त्याच्या लेकीने तोंडातली शिट्टी काढली नाही.